टिपेतला मजकूर

मनोलेखागारातली जुनी यंत्रणा आठवड्याभरात बंद होणार होती. मृतांच्या मनाच्या नोंदी, म्हणजे ज्यांच्याशी बोलताही येई असे मनोलेख, नव्या रचनेत उतरवायचं काम मालविका देवस्थळीकडे होतं. त्या दिवशी पडद्यावर तिच्याच नवऱ्याचा, श्रीरंगचा मनोलेख आला.

झाडासारखी रचना. प्रसंगांच्या शाखा, शाखांना चिकटलेले गुणधर्म, आत मजकूर. आणि एके ठिकाणी टीप.

"जिवंतपणी कुणाला एखादी आठवण नकोशी झाली, तर ती आम्ही झाकत असू," मेंदूतज्ज्ञ डॉ. परकार म्हणाले. "मनोलेखात ती टीप म्हणून उतरते. असते, पण मन ती वाचत नाही."

"आणि नव्या रचनेत?"

"तिथे टीप हा प्रकारच नाही. वगळली तर कायमची गेली. निवडली तर मजकूर होऊन उतरेल, आणि त्यांना ते आठवेल. जुनी प्रत उतरवताच नष्ट होते, ताई. विचार करा."

"आत काय आहे?"

"सीलबंद. आपल्याला प्रकार दिसतो, मजकूर नाही."

मालविकाला बघायची गरजच वाटली नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची केतकी गच्चीवरच्या टाकीत बुडून गेली. महिन्याभरात श्रीरंग आठवण झाकण्याचा उपचार घेऊन आला आणि त्याने लेकीचं नाव पुन्हा काढलं नाही. तो जेवे, गाणी ऐके. ती न्हाणीघरात नळ सोडून रडे. तो गेला, तिचा राग मात्र गेला नाही.

नव्या रचनेत काय उतरवायचं ते ठरवणाऱ्या नियमात तिने एक ओळ वाढवली : टिपाही निवडा. मनोलेख उतरला.

"मालू?" पडद्यातून श्रीरंगचा आवाज आला.

"आठवली केतकी?"

"तिला विसरलो कधी होतो? तुला सोसायचं नाही म्हणून नाव घेत नव्हतो."

"मग झाकलं काय होतंस?"



"त्या सकाळी पाणी बघायला तू वर गेलीस. झाकण उघडं टाकून खाली आलीस. मी जिन्यातून पाहिलं, पण तेव्हा लक्षात आलं नाही. मला तुझ्याबरोबर राहायचं होतं, मालू. ते आठवत राहिलं असतं, तर राहता आलं नसतं."

तिला ती सकाळ आठवली. पाणी आठवलं. झाकण लावल्याचं काही केल्या आठवेना.

हे पुन्हा झाकता येईल का, अशा नजरेने तिने परकारांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आता हे जाणार नाही ना माझ्या मनातून?" श्रीरंगने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसून राहिली.