वाडग्यातले गुलाब कोण वेचतं?

हे खरं आहे. आणि "तुला भास झाला असेल" असं मला कोणी सांगायला येऊ नका. माझं पोट माझ्या नाकावर चालतं. संत्र्याची साल उन्हात वाळली की सावलीत, हे मी डोळे मिटून सांगते. मला भास होत नाहीत. मला वास येतात.

आणखी एक. ही गोष्ट रात्रीची नाही.

भर दुपारची आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्यांतून लख्ख ऊन, खाली रस्त्यावर माणसांची वर्दळ. भुतांना अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवा लावून झोपावं.

माझं काम आधी सांगते. लोकांच्या घरांत, दुकानांत, दवाखान्यांच्या बसायच्या खोल्यांत मी सुगंध ठेवते. बाटलीतला फवारा नाही. सुकवलेल्या पाकळ्या, फळांच्या साली, दालचिनी, लवंगा, वाळ्याची मुळं, असं सगळं एकत्र मुरवायचं आणि उघड्या वाडग्यात ठेवायचं. पॉटपुरी म्हणतात त्याला. रोज एकदा हाताने हलकेच ढवळलं की वास जागा होतो. आत पाऊल टाकणाऱ्याला वाटतं, इथे कोणीतरी आपली वाट बघत होतं.

हे सगळं मला मावशीने शिकवलं. आई लवकर गेली, मावशीनेच मला वाढवलं. माझ्या तिखट नाकावरून ती मला "नाकू" म्हणायची.

तिचा एकच नियम होता. "नाकू, घाण झाकायला सुगंध वापरायचा नाही. आधी घर घासून काढ, खिडक्या उघड, मग वाडगा ठेव."

आणि गुलाबाशी तिचं हाडवैर. "गुलाब म्हणजे तोंडावर गोड बोलणारा पाहुणा," म्हणायची, "खाली काय दडवलंय ते कळूच देत नाही मेला." मी मिश्रणात गुलाब घातला, की ती टीव्ही बघता बघता एकेक पाकळी वेचून खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. वाडग्याकडे न बघता. नुसत्या बोटांनी.

हे लक्षात ठेवा.

मावशीला एकच मुलगा. माझा दादा. शाळेत माझ्यासाठी मारामाऱ्या केलेला दादा. तो बायकोमुलांबरोबर दुसऱ्या गावी राहायचा. मावशी या फ्लॅटमध्ये एकटी. माझं घर तिथून बसने तासाभरावर. एकदा ती बाथरूममध्ये घसरून पडली, तेव्हा मी दादाच्या मागे हात धुऊन लागले. तिला तुझ्याकडे ने, नाहीतर मी माझ्याकडे आणते.

"तुझ्याकडे? त्या एका खोलीत? सालींच्या पोत्यांवर झोपवणार का तिला?" तो हसला. "नेतो गं बाई. डोकं नको खाऊस."

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "आणलं आईला. मजेत आहे. तिथला फोन बंद करून टाकलाय, रिकाम्या घरात कशाला हवा?"

मी म्हटलं, दे तिला.

"झोपलीये."

पुढच्या वेळी ती अंघोळीला गेली होती. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. भेटायला येते म्हटलं, तर घरात रंगकाम निघालं.

मी सगळं मानलं. दादा होता ना तो.

मग एक दिवस तो फोनवर रडला. मावशी गेली म्हणाला. हॉस्पिटलमध्ये, झोपेत, अगदी शांतपणे. सगळं उरकलंसुद्धा होतं. "तुझ्या डोळ्यांसमोर ती हसरीच राहू दे, म्हणून तुला नाही बोलावलं."

मी त्यालाच धीर दिला.

नंतर म्हणाला, "घर विकायचंय, नाकू. तूच सजव ना. माणूस आत आला की त्याचा पाय निघायला नको. आईलाही बरं वाटेल."

आईलाही बरं वाटेल. हे त्याचे शब्द.

आमच्या कामात कुठल्याही घरात आधी रिकाम्या हाताने जायचं. दारं लावून गप्प बसायचं. घर स्वतःहून काय सांगतंय ते हुंगायचं.

मला ते करताच आलं नाही. दादाने खोलीखोलीत फवाऱ्याचं मशीन लावून ठेवलं होतं. भिंतींचा रंग ओला. नाकात नुसता चटका. आणि मावशीच्या खोलीत फरशी नवी, पण फक्त पलंगाच्या जागेपुरती. बाकीची तीच जुनी.

"एवढीच का बदललीस?"

"तडा गेला होता. इथे मोठा वाडगा ठेव हं. आणि गुलाब टाक. भरपूर."

"मावशीला गुलाब..."

"गिऱ्हाइकाला आवडतो ना! आई थोडीच घर विकत घेणारे?"

मी मिश्रण केलं. गुलाब टाकला. ढवळलं. खोली घमघमली.

दुसऱ्या दुपारी दलालाने दार उघडून दिलं. गोल, घामेजलेला, बडबड्या माणूस. "मॅडम, असा वास करा की गिऱ्हाइकाने आधी सही करावी आणि मग शिंकावं!"

मी हसत हसत मावशीच्या खोलीत गेले.

आणि थांबले.

वास नव्हता...

कमी झाला होता असं नाही. नव्हताच. मी वाडग्यात तोंड घातलं. दालचिनी हातात मोडून बघितली. कागद फाडल्यासारखी. ओल्या रंगाचा वासही नाही. जणू दाराच्या आत कोणी माझं नाकच काढून घेतलं होतं.

पाऊल बाहेर टाकलं. रंग, फवारा, दलालाचा घाम, सगळं परत.

पुन्हा आत. काही नाही.

मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं.

कठड्यावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या... एकही चुरगळलेली नाही. वाडग्यात मात्र एकही शिल्लक नाही.

"तुम्ही काढल्यात?" मी दलालाला विचारलं.

"मी? मॅडम, मला आमच्या घरात जिरे-मोहरी निवडता येत नाहीत."

तो हसला. पण खोलीत आला नाही. उंबरठ्यावरून बोलला आणि तिथूनच मागे सरला. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

मी नवीन मिश्रण भरलं. पुन्हा गुलाब.

त्यानंतरच्या दुपारी मी एकटीच होते. स्वयंपाकघरात छोटा वाडगा भरत होते. मधलं दार लावलेलं.

खस...

वाटलं, खालून कोणी झाडतंय.

खस... खस...

नाही. हा आवाज मी पोटासाठी रोज ऐकते. सुक्या पाकळ्यांत बोटं फिरण्याचा आवाज.

मावशीच्या खोलीतून येत होता.

मी दार ढकललं. आवाज थांबला. खोलीत कोणी नव्हतं. पण वाडग्यात मधोमध खळगा पडला होता आणि त्याच्या कडेवरून एक लवंग अजून घरंगळत होती...

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. वाटलं, मावशीच आली. तिचं घर विकलं जातंय, एकदा बघून जातेय.

"मावशी?" मी म्हटलं.

लवंग तेवढी घरंगळायची थांबली.

शेवटी गिऱ्हाईक आलं. तरुण नवराबायको. दलाल पुढे, मी मागे. नवरा गॅलरी बघायला गेला. बायको मावशीच्या खोलीच्या दारात गेली आणि लगेच आवाज खाली करून मागे वळली.

"आजींचं आटपू दे. आम्ही मग बघतो ती खोली."

"कोण आजी?" दलालाचा आवाज चिरकला.

"आत बसल्यात ना पाठमोऱ्या? फुलं निवडतायत." तिने माझ्याकडे बघितलं. "मी हाक मारली तर वळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'नाकू आली का?' नाकू कोण हो?"



त्या बाईला माझं खरं नावही माहीत नव्हतं. दलालालाही ते लाडाचं नाव ठाऊक नव्हतं. ते या जगात दोनच माणसं घ्यायची. त्यातलं एक गेलेलं.

नवराबायकोला वाटेला लावून मी दलालाला जिन्यात गाठलं. तो घाम पुसत होता.

"मी पुन्हा नाही येणार इथे, मॅडम. तुमच्या भावाला सांगा. आधीच त्या खोलीचं ऐकून..."

"काय ऐकून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला... तुम्ही घरच्याच ना?"

मग त्याने सांगितलं. म्हातारी हॉस्पिटलमध्ये गेलीच नव्हती. ती याच खोलीत गेली. पलंगावरून पडली असावी. दार बाहेरून फोडलं, तेव्हा किती दिवस झाले होते ते कोणी उघड बोलत नाही. खालच्या मजल्यावर वास उतरला, तेव्हा कळलं.

"म्हणून तर तुम्हाला बोलावलंय ना?" तो म्हणाला. "तुमचे भाऊच म्हणाले, माझी बहीण आहे, ती असा वास करेल की कोणाला पत्ता लागणार नाही."

मी त्याच पायरीवर बसले. 

दादाला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, ये, वाडगे बदलायचेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, हातात किल्ली खुळखुळवत.

"कुठल्या हॉस्पिटलमध्ये गेली मावशी?"

तो थबकला. मग चिडला. "त्या दलालाच्या तोंडाला कुलूप घालायला हवं."

"तू तिला नेलंच नव्हतंस."

"नेणारच होतो! बायकोने घरात भांडण मांडलं. मग पुढच्या आठवड्यात नेऊ, त्याच्या पुढच्या आठवड्यात नेऊ, असं करता करता..."

"आणि तिचा फोन?"

"तो बंद करायचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता. झाला बंद."

झाला बंद. जणू दुधाचा रतीब बंद झाला.

"मला का खोटं सांगितलंस? मी रोज आले असते रे. बसने तासभर लागतो फक्त."

"तू पिच्छा सोडत होतीस का? म्हणून म्हटलं, तेवढ्यापुरती गप्प बसशील."

"ती माझी वाट बघत राहिली असेल."

तो किल्ली खुळखुळवत राहिला.

"आणि वर तिचा वास झाकायला माझेच हात वापरलेस?"

"नाकू," तो मऊ आवाजात म्हणाला, "तुझ्यापेक्षा चांगलं काम कोण करतं?"

देवाशपथ सांगते, हे तो कौतुकाने म्हणाला.

आणि तेवढ्यात...

खस...

दोघांनीही मान वळवली. मावशीच्या खोलीचं दार लावलेलं होतं.

खस... खस... खस...

"उंदीर," दादा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तुझ्या त्या कचऱ्याला उंदीर लागलेत. फेकून देतो सगळं."

तो आत गेला. आवाज थांबला.

मी वाट बघितली. वाडगा उचलल्याचा आवाज नाही. पावलांचा नाही. खालून रिक्षा गेली, कोणाची तरी शिट्टी वाजली. आतून काहीच नाही...

मग तो बाहेर आला. रिकाम्या हाताने. दोन्ही तळवे नाकाशी धरलेले.

"नाकू... माझ्या हातांना काय लागलंय बघ ना. वास येतोय गं. केवढा वास येतोय."

त्याने हात माझ्यापुढे धरले. लहानपणी चिंचा चोरून आणल्या की आधी मला हुंगायला द्यायचा, तसे.

मी हुंगले.

मला आला. रंगाखाली, फवाऱ्याखाली, माझ्या गुलाबाखाली त्याने जे जे गाडलं होतं ते सगळं. कोंडलेली खोली. न बदललेली चादर. आणि त्याच्याही खाली गोडसर, जड असं काहीतरी, जे एकदा नाकात गेलं की जात नाही.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. या नाकावर त्याचा लहानपणापासून विश्वास.

"कसला वास?" मी म्हटलं. "काही नाही रे, दादा. एकदम स्वच्छ. अगदी हॉस्पिटलसारखे."

वासाच्या बाबतीत मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. ते हे.

खोलीत त्याने काय बघितलं, ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. त्याच्या बायकोचा अधूनमधून फोन येतो. तो दिवसभर हात धुतो म्हणे. लिंबू, राख, मीठ, काही सोडलं नाही. कातडी निघाली. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. मला विचारते, "काही सुगंधी उपाय आहे का हो तुमच्याकडे?"

मी म्हणते, नाही.

फ्लॅट अजून विकला गेलेला नाही. मी तिथे जात नाही. पण प्रकरण तिथे संपलं नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

आता माझ्या घरी होतं. त्या एका खोलीत, सालींच्या पोत्यांमध्ये. दुपार कलली की कोपऱ्यातल्या वाडग्यातून सुरू होतं...

खस... खस...

त्या वेळी घरात कशालाच वास नसतो. चहालाही नाही.

मी समोर जाऊन बसते. म्हणते, मावशी, मला खोटं सांगितलं गं. तू त्याच्याकडे आहेस असं सांगितलं. मी आले असते.

आवाज थांबतो. मला वाटतं, ऐकलं तिने.

मग पुन्हा सुरू होतो.

गुलाब आणणं मी तेव्हाच बंद केलं. घरात औषधालासुद्धा एक पाकळी नाही. तरी संध्याकाळी खिडकीच्या कठड्यावर पाकळ्या असतात. वेचलेल्या. न चुरगळलेल्या. कुठून येतात, माहीत नाही.

त्या परक्या बाईला तिने विचारलं होतं, "नाकू आली का?"

मी रोज तिच्यासमोर बसते. कान लावून. निदान एकदा तरी विचारेल म्हणून.

मला ती विचारत नाही.