शेपटाचा तुकडा

ऐक, आन् मधी तोंड घालू नगंस!

चौऱ्याण्णव साल. निमगाव केतकीच्या नव्या हॉलची सेंट्रिंग, म्हंजी खालच्या फळ्या-टेकू, काढली आन् बीम वाकलं! खाली काम करणाऱ्या सारजाबाईचा पाय मोडला. हवालदारानं भानुदासतात्या गवंड्यालाच धरलं. "मिलचा कागद म्हणतोय, सळई दणकट. म्हंजी माल तूच मारलास. सांजंला आत!"

त्या कागदावर सही रश्मीची. बारामतीच्या मिलमधी लालभडक लोखंड रोलात लाटून सळया काढायचे. त्या ताणून तपासायचं काम तिचं. एसटीनं ती तडक निमगावात.

"तात्या, माल मारला?"

"पोरी, त्याच बीमाखाली रोज झोपत व्हतो मी!"

तिनं बीम फोडलं. सळया मोजल्या, नकाशापरमाणं बाराच्या बारा. कामावर उरलेल्या एका कोऱ्या सळईवर जाड खपली, नखानं सुटत व्हती. सळईचा मधला तुकडा मशिनवर ताणला. नापास! तिच्या वहीत मात्र तोच माल पास.

ती थेट फोरमनपुढं. मानसिंगआबा. तिला हात धरून काम शिकवलेला माणूस.

"आबा, तपासणीचा तुकडा कुठनं कापता?"

"शेपटाकडनं. ते तसंबी भंगारात जातंय."

"मी मधला मागितला, तवा?"

"अख्खी सळई वाया जाती म्हनालो."

"हा माल लाटला त्या दिशी सळई रोलातनं निघाली कसल्या रंगाची?"

आबा भट्टीकडं वळला.

"पिवळी ना?"

"...व्हय."

तिच्या मागं निमगावातनं आलेला हवालदार दारात आला. रश्मी त्याच्याकडं वळली.

"पिवळी म्हंजी लई तापलेली. लोखंड लई तापलेलं असतानाच लाटणं संपलं, की आतला रवा, म्हंजी दाणा, मोठा राहतो, सळई मऊ पडती. जरा निवल्यावर लाटलं, तर रवा बारीक, सळई दणकट. शेपूट रोलात शेवटी शिरतं, तवर निवतं. मी शेपूट तपासलं, तात्यानं बाकीची सळई वापरली. ती खपलीबी जादा तापाचीच. आबाला हे ठावं व्हतं, म्हणून मधला तुकडा दिला न्हाय."

आबा खाली बसला. "निवलेल्या लोखंडाला जुनी मोटर दम टाकती, म्हणून तापलेलंच लाटलं. मिल थांबली तर साठ घरांची चूल इझंल, पोरी. तुझीबी. आन् सही तुझीच हाय."

रश्मीनं कागद ओढला. लिहिलं: तपासणी चुकीची. सही माझी.

तात्या सुटला. आबा पोलिसांच्या जीपमधी बसला. आठवड्यात मिलला टाळं. साठ घरांतल्या बाया अजून रश्मीला बघून दार लावत्यात.

आता सांग, तू काय केलं असतंस?