बॅटरीचं पाणी

"गाडी कोणती हाय तुमची?" त्याने विचारलं, आणि मी गोंधळले.

चौऱ्याहत्तर सालचा मार्च होता. सीताबर्डीवरच्या एका बॅटरीच्या दुकानात मी डिस्टिल्ड वॉटरची बाटली मागितली होती. आमच्या घरी वाहन म्हणाल तर बाबांची सायकल. तरी माझ्या तोंडून निघालं, "ॲम्बॅसिडर." का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बॅटरीवाल्याचे डोळे इतके चांगले असू नयेत, एवढं मात्र तेव्हा वाटलं.

खरं सांगायची लाज वाटली होती. आमच्या गच्चीवर माझी किडे खाणारी झाडं होती. मातीच्या परळांत कुही गावाकडून आणलेली दवबिंदूची रोपं, एका घंगाळात सीतेची आसवं, आणि पलटणीतल्या मामांनी शिलाँगहून आणून दिलेली एक घटपर्णी. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ही झाडं मरतात. पावसाचं पाणी चालतं, पण साठवलेलं फेब्रुवारीतच संपलं. मग उरलं बॅटरीचं पाणी.

दर शनिवारी मी एक बाटली आणू लागले. त्याचं नाव रुपराव. वय चोवीस, नाव मात्र सत्तरीचं! बाटलीवर निळ्या पेन्सिलीने तारीख लिहून द्यायची त्याची पद्धत होती. एप्रिलमध्ये तो गंभीर झाला. म्हणाला, एवढं पाणी पिऊन राहिली म्हणजे तुमची बॅटरी गेली. आणि रविवारी पत्ता विचारत, बॅटरी तपासायची काचेची नळी घेऊन दारात हजर!

गाडी दाखवायची कुठून? मी त्याला सरळ गच्चीवर नेलं आणि सगळं कबूल केलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो दवबिंदूपाशी उकिडवा बसला.

"हे तर आमच्या धानाच्या वावरात, धुऱ्यावर पायाखाली येते," तो म्हणाला.

तेवढ्यात एक चिलट त्या चिकट पानावर बसलं, अडकलं, आणि पान हळूहळू मिटायला लागलं. रुपराव तासभर तिथून हलला नाही. लहानपणापासून तुडवत आलो, एकदा वाकून नाही पाहिलं, असं म्हणत राहिला. मी पानाकडे पाहत होते की त्याच्याकडे... ते जाऊ द्या.

त्यानंतर गाडीचा विषय निघाला नाही. शनिवारी मी गेले की तो झाडांची खुशाली विचारी.

"जेवतात न बरोबर?"

"कालपासून दोन माश्या."

"मले बी शिकवा न... असं गप्प बसून पकडणं."

आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला! आता याला काय म्हणायचं? मी घरापर्यंत त्या वाक्याचा कीस पाडत आले. तो माझ्याबद्दल बोलला, की माश्यांबद्दल?

जूनच्या शेवटी पाऊस आला. गच्चीवरची पिंपं भरली, झाडं तरारली. आता बाटलीची काडीची गरज नव्हती. तरी शनिवारी माझे पाय सीताबर्डीकडेच! पावसाचं पाणी चालतं, हे मीच त्याला सांगितलं होतं. छत्री निथळत मी पाणी विकत मागत होते, आणि तो निमूटपणे तारीख घालून देत होता. तो विसरला, की मला खुळी समजत होता? विचारायची सोय नव्हती.

ऑगस्टमध्ये देवकीमावशीने कळमेश्वरचं स्थळ आणलं. कारखान्यात पक्की नोकरी, घरचं घर. बाबांना नावं ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्याजवळ नाही म्हणायला कारण नव्हतं. निदान सांगता येईल असं कारण नव्हतं.

सतरा तारखेला, शनिवारी, मी रुपरावला सांगितलं की उद्या सकाळी पाहुणे मला पाहायला येणार आहेत. सांगितलं आणि थांबले. तो काहीतरी बोलेल म्हणून थांबले.

"चांगलं हाय न," तो म्हणाला. पाठ फिरवून बाटली काढली, तारीख घातली, हातात दिली. वर पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला होता की रडू, ते घरी पोचेपर्यंत ठरलं नाही.

रविवारी दहाला पाहुणे बैठकीत बसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, एवढ्यात फाटकाशी सायकल आपटली आणि चिखलाने माखलेला रुपराव थेट आत आला.

"पाणी टाकलं काय?" त्याला धाप लागली होती. "कालचं... ते पाणी नोहे. ॲसिड हाय."

मी ट्रे मावशीच्या हातात दिला आणि जिन्याकडे धावले. तो मागे. वर चढता चढता सांगत होता की आज मोजताना खालच्या फळीवरची ॲसिडची एक बाटली कमी भरली, काल त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमच्या हातावर पडलं असतं तर, असं त्याने तीनदा म्हटलं.

गच्चीवर तो एकदम थांबला. भिंतीशी बाटल्यांची रांग होती, सगळ्यांची बुचं शाबूत. तो वाकून तारखा वाचू लागला. सहा जुलै, तेरा जुलै, वीस जुलै... सातवी बाटली कालची. बाजूला पावसाचं पिंप काठोकाठ भरलेलं.

लपायला गच्चीवर जागा नव्हती.

"तुम्ही विचारलं काहून नाही?" शेवटी मीच म्हणाले. "पावसात पाणी कशाला नेता म्हणून?"

त्याने कालची बाटली उचलून छातीशी धरली.

"विचारलं असतं, तर तुम्ही आल्या नसत्या."

इतके आठवडे मी पाण्याचा बहाणा करत होते, आणि तो माझा बहाणा सांभाळत होता!

"मग काल चांगलं हाय न, असं काहून म्हटलं?"

"दुसरं काय म्हणू? मी दुकानात नोकर माणूस... पण मले तुमच्याशिवाय करमत नाही, शामला. हे काल म्हणायले पाहिजे होतं."

"आज म्हटलं ते चालते," मी म्हणाले.

खाली आले तेव्हा मावशी अजून ट्रे धरून उभी होती. पाहुणे माझ्याकडे, मग माझ्यामागच्या चिखलाकडे पाहत होते.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"बॅटरीच्या दुकानातले रुपराव."

बाबा पुरते गोंधळले. "पण आपल्याकडे गाडी कुठे आहे?"

"नाही ना, बाबा," मी म्हणाले. "तरी मार्चपासून एक शनिवार चुकवला नाही मी."