पुढचा येईपर्यंत

दार लोटून घे आधी, गारठा येतोय. आणि धाकटे, मघाशी काय म्हणालीस तू? शेतावर कामाला येते म्हणून कळवून ठेवलंय, पण आता जावंसं वाटत नाही. आणि येत नाही हे कळवायचं तरी कशाला, फुकट राबणाऱ्याची कोण वाट बघत बसतंय? असंच म्हणालीस ना? मग हे ऐकच. मी काही मनचं सांगत नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माझा शेजारी, अगदी भिंतीला भिंत लागून. आपला कंपाउंडर.

चौतीस वर्षं त्याने एकाच दवाखान्यात पुड्या बांधल्या. माणूस भलता काटेकोर. बाटलीवर इंग्रजी सात लिहिला की त्याच्या पोटात आडवी रेघ मारायचा, एक आणि सात यांचा घोळ होऊन कुणाच्या जिवावर बेतू नये म्हणून. घरच्या कॅलेंडरवरही तीच रेघ. आम्ही त्यावरून त्याची खूप चेष्टा करायचो. पुढे दवाखाना बंद झाला. बायको आधीच गेलेली, एकुलती एक मुलगी सासरी. आणि याला साठीच्या तोंडावर जग बघायची हौस आली. खिसा बेताचा, हौस मोठी!

मग कुणीतरी त्याला ही तुमची वाट दाखवली. सेंद्रिय शेतीवाल्यांकडे जायचं, दिवसाचे चार-पाच तास खुरपायचं, रोपं लावायची, बदल्यात एक खाट आणि दोन वेळचं जेवण. असं एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरत राहायचं. पहिल्यांदा त्याने डोंगरातल्या एका शेताला तारीख दिली आणि निघायच्या आदल्या दिवशी कच खाल्ली. गेला नाही. कळवलंही नाही. तुझ्यासारखंच, काय नुकसान होणार आहे त्यांचं म्हणाला. पुढे भीड चेपली, तीन-चार शेतं झाली, हाताला घट्टे पडले, गडी खूश. पण ते पहिलं शेत मनात सलत होतं. दोन वर्षांनी त्याच शेताला पुन्हा माणूस हवा असल्याचं त्याने वाचलं आणि ताबडतोब येतो म्हणून कळवलं. गेल्यावर मालकिणीची माफी मागायची, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

मुलीला तेव्हा नववा लागलेला. ती बाळंतपणाला याच्याकडेच आली होती. फार चिडली.

"बाबा, आई नाहीये. निदान तुम्ही तरी हवेत मला."

"अगं, तारखेला अजून तीन आठवडे आहेत. दहाव्या दिवशी दारात उभा राहतो. शब्द देतो तुला."

मालकिणीच्या पत्रात एकच अट होती. अशा बऱ्याच शेतांवर ती असते. पुढचा माणूस येऊन काम समजून घेत नाही, तोवर आधीच्याने निघायचं नाही. त्यात काही वावगं नाही. रोपं काय, कोंबड्या काय, त्यांना सुट्टी कळत नाही.

तर, अकरा फेब्रुवारी. गोष्टीला आता तीन वर्षं होतील. शेवटच्या बसने त्याला फाट्यावर उतरवलं तेव्हा सात वाजून गेले होते. दोन मैल चढ चालून तो पोचला. घराला कुलूप, कुंडीखाली किल्ली, टेबलावर चिठ्ठी. 'भाजी घेऊन बाजाराला गेले आहे, सकाळी येते. जेवण झाकून ठेवलंय. मदतनिसांच्या खोलीत खिडकीजवळची खाट तुमची. काम उद्यापासून.' तो जेवला, ताट धुतलं, मुलीला पोचल्याचा फोन केला. खोलीत तीन खाटा होत्या. तिन्ही रिकाम्या. गोधडी डोक्यावरून घेतली आणि मेल्यासारखा झोपला.

रात्री दारावर टकटक झाली.

"काका... उठा. दोन वाजून दहा मिनिटं झाली."

त्याने बॅटरी पेटवली. दारात तिशीचा एक माणूस. कानटोपी, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. आणि पाठीवर भरलेली पिशवी. कंपाउंडरला वाटलं, हा आधीचा मदतनीस असणार, पहाटेची बस पकडायची असेल बिचाऱ्याला.

"रात्रीचं काम दाखवतो," तो म्हणाला. "काचघराचं."

अंगणापलीकडे काचेचं एक लांबलचक घर होतं. आत फळ्यांवर रोपांच्या शेकडो ट्रे आणि मधोमध लोखंडी शेगडी. रात्री पारा खाली गेला की रोपं करपतात, म्हणून तिच्यात लाकडं घालायची. तो माणूस दाराशीच उभा राहिला. आत आला नाही. तिथूनच एकेक सांगत गेला.

"तीन ओंडके घाला. हं. आता धुराड्याची झडप. दोन बोटं उघडी ठेवायची. दोन बोटं, काका. पूर्ण बंद करायची नाही... कधीच नाही."

कंपाउंडरने दोन बोटं मोजून ठेवली. अशा कामात त्याचा हात धरणारा कोण होता?

"आता पारा बघा आणि पाटीवर लिहा."

खांबाला पाटी लटकवलेली होती. वर कुणाच्या तरी बारीक अक्षरात आकड्यांची रांग. कंपाउंडरने खडू उचलला. पारा सातावर होता. त्याने सात लिहिला आणि सवयीने पोटात रेघ मारली.

दाराशी हुंदक्यासारखा आवाज झाला.

"समजलं सगळं?"

"समजलं की."

"मग... मी जाऊ?"

"जा बाबा. बस चुकेल तुझी."

"फार वाट बघितली हो तुमची," तो म्हणाला. रडत होता का हसत होता, कळेना. "पुढचा आल्याशिवाय निघायचं नाही हं, काका."

कंपाउंडर बाहेर आला. थंडी मी म्हणत होती. त्याच्या स्वतःच्या तोंडातून वाफा निघत होत्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं... तो माणूस इतका वेळ बोलत होता. त्याच्या तोंडातून एकदाही वाफ आली नव्हती.

त्याने बॅटरी अंगणावर फिरवली. कुणी नव्हतं.

गवतावर दहिवर गोठलं होतं. पांढरंफेक. त्यावर घरापासून काचघरापर्यंत पावलं उमटली होती.

एकाच माणसाची.

त्याची स्वतःची.

खोलीत येऊन त्याने कडी लावली. खाटेवर बसून राहिला. झोपला नाही. दिवाही मालवला नाही... 

सकाळी मालकीण आली. पन्नाशीची, धडधाकट बाई. तिला बघून याच्या जिवात जीव आला. उजेडात रात्रीचं सगळं मूर्खपणाचं वाटायला लागलं होतं. म्हणाला, "तुमचा आधीचा माणूस भला आहे हो. काचघराचं सगळं नीट दाखवलंन त्याने."

बाईच्या हातातली रिकामी टोपली खाली पडली.

"शेवटचा नोव्हेंबरात न सांगता निघून गेला, तेव्हापासून इथे कुणी नाही," ती म्हणाली. "आणि काचघर मी दोन वर्षांत उघडलेलं नाही."

दोघं तिथवर गेली. दाराला कुलूप. गंजून चिकटलेलं. काचेतून आत बघितलं, तर फळ्या रिकाम्या. कोळ्यांची जाळी. बाईने काचेला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

काच कोमट होती.

खांबावर पाटी होती. बारीक अक्षरातली ती जुनी रांग, धुळीने पुसट झालेली. आणि तिच्याखाली एक ताजा सात. पोटात रेघ असलेला.

बाई पायरीवर बसली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली. हाच आठवडा. त्याची आई आजारी होती, त्याला घरी जायचं होतं. रोज पिशवी भरून तयार असायचा. पण पुढचा यायचा होता. मी म्हटलं, आज येईल... उद्या येईल. नियम माझाच ना. आठ रात्री जागला तो. नवव्या रात्री थकला. विस्तव सकाळपर्यंत टिकावा म्हणून झडप पूर्ण बंद केली आणि शेगडीजवळच टेकला. धूर आत कोंडला. मी दार उघडलं तेव्हा पिशवी पाठीवर तशीच होती."

"आणि तो... पुढचा?"

विचारायची गरज नव्हती. तरी त्याने विचारलं.

"आलाच नाही मेला. कळवलंसुद्धा नाही. नावही आता आठवत नाही त्याचं. एक ओळ लिहिली असती, तर मी याला त्याच दिवशी घरी पाठवला असता."

माफी मागायला गेला होता ना आपला कंपाउंडर? तोंड उघडलं नाही त्याने. मुलीला कळा सुरू झाल्यात अशी थाप मारली, सामान उचललं आणि दुपारच्या बसने पळाला. वाटेत एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला हे सांगताना लहान पोरासारखा रडला. घाबरला होताच, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती त्याला.

घरी आला. अठरा दिवसांनी मुलगी सुखरूप बाळंत झाली. नात झाली, गोरी, गुटगुटीत. हा तिला मांडीवरून खाली ठेवायचा नाही. सगळं छान चाललं होतं.

एक दिवस त्याची मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, बाबांना डॉक्टरला दाखवू या का? मी रात्री बाळाला पाजायला उठते तेव्हा त्यांचं पांघरूण सारखं करते. अंग बर्फासारखं गार असतं. हलवलं तरी उठत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांनी बघावं तर पुन्हा ऊबदार."

"किती वाजता?" मी विचारलं.

"दोन... सव्वादोन."

तुम्ही का जवळ सरकलात रे? बसा नीट. आणि धाकटे, फोन हातात घेतलास ना? मग आधी त्या शेतावर कळव. लिही. मी थांबतो...

झालं?

त्याच आठवड्यात मालकिणीने कंपाउंडरला एक फोटो पाठवला. काचेबाहेरून काढलेला. कुलूप तसंच गंजलेलं, किल्ली तिच्याच कमरेला. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि तो मला दाखवला.

पाटी भरली होती. रात्रीमागून रात्र, एकाखाली एक आकडे. पाच. सहा. सात. जिथे जिथे सात, तिथे तिथे पोटात रेघ.

आणि सगळ्यात खाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, खडू दाबून लिहिलेली एक ओळ. कंपाउंडरच्या अक्षरात.

'पुढचा कधी येतोय?'