बळीराम अजून कामावर आहे

बळीरामला अग्नी दिला, त्याची तेरवीही उरकली, आणि आज सकाळी त्याच बळीरामने सुताचा एक ट्रक गिरणीबाहेर काढला. बुटीबोरीहून असा फोन आल्यावर हसावं की घाबरावं, ते चारुशीलाला कळेना. सीताबर्डीच्या कंपनीतर्फे ती त्या सूतगिरणीचा संगणक सांभाळत असे. ती लगेच निघाली.

संगणकाच्या पडद्यावर कामावर असलेल्यांची नावं होती. त्यात बळीराम होता. पुढे लिहिलं होतं, पोर्ट सहा. म्हणजे गोडाऊनच्या ऑफिसातला टर्मिनल, मुख्य संगणकाला तारेने जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड. बळीराम तिथेच बसायचा.

"ते ऑफिस त्याच्या मरणापासून कुलपात आहे," मॅनेजर बाबाराव म्हणाले. "किल्ली माझ्याच खिशात."

कुलूप निघालं. टर्मिनलला झेंडूचा वाळका हार घातला होता आणि प्लग भिंतीतून उपसलेला होता. भुताखेतांवर विश्वास नसूनही चारुशीलाच्या अंगावर काटा आला.

बळीरामची बायको वंदना त्याच्या जागी पॅकिंगला लागली होती. पासवर्ड तिलाच ठाऊक असणार, असं ऑफिसने ठरवून टाकलं होतं. आज खुलासा झाला नाही तर तिची नोकरी जाणार होती, वर चोरीचा आळ.

"मले नाही सांगितला कधी, ताई. पोराची शपथ."

"ते टर्मिनलवरून उठायचे कसे?"

"काहून विचारून राहिल्या? जेवायले जातानी नुसता स्क्रीन बंद करत. इथं सारेच तसं करतात. परत नाव टाकत बसाले लय वेळ लागते. त्या दिवशीबी तसेच उठले, डबा उघडला अन् तिथंच कोसळले."

शिफ्ट सुपरवायझर रुपराव आपल्या केबिनच्या दारात उभा होता. "मॅडम, उगाच खोदू नका. त्याचा जीव सुतात अटकून हाये. माहा टर्मिनलबी तवापासून बंद पडला."

चारुशीलाने बोलता बोलता केबिनमध्ये शिरून त्याच्या त्या बंद टर्मिनलच्या डोक्यावर हात ठेवला. तो कोमट होता.

व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटात टर्मिनल सर्व्हरची पेटी होती. प्रत्येक टर्मिनलची तार त्या पेटीत येई आणि पेटीतून एकच जाड पिवळी इथरनेट केबल संगणकाकडे जाई. तारांच्या टोकांवर कापसाची धूळ बसली होती. दोन टोकं मात्र स्वच्छ होती.

"या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"रुपरावकडे. पण भीतीने कुणी जवळ फिरकत नाही," बाबाराव म्हणाले.

तिने सगळ्यांना संगणकापाशी बोलावलं आणि यादीतल्या बळीरामच्या नावावर घंटीसकट एक निरोप धाडला. 'बळीराम, कुठे आहेस?'

गोडाऊन गप्प होतं. टिंग वाजली ती रुपरावच्या केबिनमधून.

वंदनाने पदर तोंडात कोंबला. रुपराव दाराकडे सरकला, पण बाबाराव आडवे झाले.

"स्क्रीन बंद केला तरी काम बंद होत नाही," चारुशीला म्हणाली. "सर्व्हरला टर्मिनल विझलेला कळतच नाही. संगणकही तेव्हापासून बंद पडलेला नाही. म्हणून बळीरामचं काम सहा नंबरवर उघडंच राहिलं. रुपरावने यादीत त्याचं नाव पाहिलं आणि सहा नंबरवरची तार काढून तिथे स्वतःची लावली. पासवर्ड लागलाच नाही. पोर्ट तोच, म्हणून नावही तेच. माल सोडायचा अधिकार गोडाऊनलाच, तोही आयता मिळाला. केबिनमधल्या स्क्रीनचा उजेड पार उतरवून ठेवला, बंद दिसावा म्हणून. उरलेलं काम भुताच्या गोष्टींनी केलं."

"मेलेल्या माणसाच्या नावानं चोरी केली तुवा?" वंदना ओरडली. "त्याच्या तेरवीले जेवून गेला गा तू!"

बाबारावांनी पोलिसांना फोन लावला आणि वंदनापुढे हात जोडले.

चारुशीला बळीरामचं काम बंद करायला बसली. वंदना मागे येऊन उभी राहिली.

"म्हणजे इतके दिवस ते आत चालूच होते?"

"हो."

"मग मले करू द्या."

चारुशीला उठली. वंदनाने हात लुगड्याला पुसले आणि चारुशीला दाखवेल ती बटणं एकेक करून दाबली. यादीतलं नाव गेलं. तेव्हा कुठे ती हंबरडा फोडून रडली.