रविवार पाळणारा व्हायरस

टिक्!

आमच्या बेटावर रविवारी काम-खेळ सगळं बंद, म्हणून जेवणानंतर सगळं गाव आडवं झालं होतं. त्या शांततेत एवढ्याशा आवाजानेही लोसालिने दचकून उठली. तिच्या पाच वर्षांच्या बहिणीने, लुपेने, कॉम्प्युटर चालू केला होता!

"लुपे! आज रविवार ना? आत्याने पाहिलं तर दोघींना सोलून काढेल!"

"काढू दे! मला आईची गोष्ट हवी!"

आई ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला गेली होती. जाण्यापूर्वी तिने रोज दुपारच्या झोपेसाठी एकेक गोष्ट स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. पण हल्ली गोष्ट मध्येच अडखळायची, आतली डिस्क कट्-कट् करायची आणि पडद्यावर 'चूक' असा संदेश झळकायचा. शहरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या केलेपीमामाने ऐकताक्षणी निकाल दिला होता, "व्हायरस! तुमच्या खेळांतून शिरलाय. सोमवारी येऊन गोष्टींसकट सगळं पुसून टाकतो!"

आणि आज? आईने गोष्ट सुरू केली ती थेट शेवटापर्यंत! ना कट्, ना चूक!

खिडकीत चुलतभाऊ फोलाऊचं डोकं उगवलं. "अरेच्चा! तुमचा व्हायरस रविवार पाळतो की काय?"

लोसालिने हसता हसता एकदम सावरून बसली. "फोलाऊ, रविवारी काय काय बंद असतं?"

"सगळंच! पोहणं, मासे धरणं, चेंडू..."

"आमच्या घरात, टोणग्या!"

दोघांची नजर एकदमच ओसरीवर गेली. तिथे लांबलचक ओंडका पडला होता. हल्ली रविवार सोडून रोज आत्या आणि तिच्या मैत्रिणी त्यावर लाकडी मोगऱ्यांनी झाडाची साल कुटून कापड करत. आणि ओसरीपासून कॉम्प्युटरपर्यंत लाकडी जमीन एकच!

सोमवारी ठोक-ठोक सुरू झाली आणि मामाही हजर झाला. त्याने कळ दाबायला बोट पुढे केलं, तोच लोसालिने मध्ये उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही होणार! व्हायरस शोधून तरी पाहिलास का?"

"शोधायचं काय त्यात? एवढा कोर्स केला तो काय उगीच? तू मला शिकवणार?"

"शिकवणार! भाची आहे मी तुझी!"

आमच्याकडे भाचीपुढे मामाचं काही चालत नाही. त्याने बोट मागे घेतलं, पण तोंड आवरलं नाही. "कर काय करायचं ते! अख्खा कॉम्प्युटर गेला तर माझ्यापाशी रडू नकोस!"

लुपेने ओठ घट्ट मिटले. लोसालिनेने गोष्ट लावली आणि ती ओरडली, "आत्या, थांबा सगळ्या!"

मोगऱ्या थांबल्या. आईचा आवाज स्वच्छ वाहू लागला.

"आता कुटा!"

ठोक-ठोक-ठोक! कट्-कट्! पडद्यावर चूक!

"योगायोग," मामा पुटपुटला.

"अस्सं? मग उचल हे धूड! आधी बंद कर, चालू असताना हलवू नकोस!"

मामाने निमूटपणे कॉम्प्युटर मागच्या सिमेंटच्या स्वयंपाकघरात नेला. फोलाऊने लांब वायर ओढून आणली. "कुटा! जीव खाऊन कुटा!" तो ओरडला. बायकांनी ओसरी दणाणून सोडली, आणि आईची गोष्ट मात्र मजेत चालू राहिली! मग मामाने कान खाजवत कॉम्प्युटरला व्हायरस शोधायला लावलं. एकही सापडला नाही.

"एवढे धक्के खाऊन डिस्क दुखावली असेल," लोसालिने म्हणाली. "आधी गोष्टी उतरवून घे. आत्ता!"

मामाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. एकेक करत सगळ्या गोष्टी त्यात आल्या.

आत्या मोगरी खांद्यावर टाकून दारात उभी होती. "मार आमचा आणि नाव पोरांचं! केलेपी, माफी माग आधी. आणि पोरांनो, शाबास! मोठ्यांपुढे असं ताठ उभं राहायला छाती लागते!"

लुपेचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने पेन ड्राइव्ह मुठीत धरला, कानाला लावून पाहिला. आता लोसालिनेकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असणार, अशी तिची खात्री पटली होती.

"ताई, आईचा आवाज यात आहे. मग आपला आवाज आईने कशात भरून नेलाय?"