बेचाळीस जुनी, तीन नवी

दीप्तीनं ग्रंथालयाचं दार ढकललं आणि कडेवरच्या लेकीला घट्ट धरलं. फरशीभर पुस्तकं पडली होती. उभी फाडलेली, एकेकाचे दोन तुकडे, शिक्क्याचं पहिलं पान वर.

उचगावच्या पुढची, कामगारांच्या वस्तीतली ही शाळा. जूनपर्यंत इथली पुस्तकं फक्त तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर यायची. मग एका स्वयंसेवी संस्थेनं रॅक दिले, दोनशे नवी पुस्तकं दिली आणि दीप्तीला ग्रंथपाल नेमलं. जुनी-नवी पुस्तकं तिनं मिसळून, इयत्तेप्रमाणं लावली होती.

मुख्याध्यापक विजयसिंह सर आत आलेच नाहीत. याच शाळेत ते नोकरीला लागले होते आणि बदल्या होत होत यंदा परतले होते. "आज गुरुवार," ते दारातूनच म्हणाले. "शनिवारपर्यंत कोण ते कळलं न्हाय तर खोलीला कुलूप. पुस्तकं परत कपाटात."

"एवढी घाई?"

"वर उत्तर मला द्यावं लागतं, मॅडम."

दीप्ती तुकडे जुळवत बसली. बेचाळीस जुनी, पहिल्या पानावर शाळेचा गोल जांभळा शिक्का असलेली. आणि तीन नवी कोरी. त्यांच्यावरही शिक्का होता, तसाच गोल, तसाच जांभळा. बाकीच्या नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे राहिले होते. त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं.

किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला असायची. ती कुणीही घ्यावी.

संशय पहिला गेला खेळ शिकवणाऱ्या रुद्रेश सरांवर. ही खोली आधी त्यांची होती.

"खोली गेली म्हणून चिडलोय, व्हय," ते म्हणाले. "पण फाडायचंच असतं तर तुमचा नेमणुकीचा कागद फाडला असता की!"

दीप्तीनं नव्या पुस्तकाचं पान पुढं केलं. "हा शिक्का कुणाचा?"

"गावच्या दूध संस्थेचा. त्यांनीच दिली न्हवं का ही तीन? का, म्हशीनं खाल्ली म्हणता?"

दुपारी ती स्वयंपाकाच्या खोलीत गेली. पोषण आहार शिजवणाऱ्या बायडाबाई दीप्तीच्या लेकीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होत्या. रोजच भरवायच्या.

"मावशी, सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्ही येता. कुणी दिसलं?"

"न्हाय बाई."

"त्या खोलीत गेला होतात?"

"माझं काय काम तिकडं? मला अक्षर कळत न्हाय."

दीप्तीनं तेच पान दाखवलं. "हा शिक्का कुणाचा असेल?"

बायडाबाईंचा घास वाटेतच थांबला. "शाळंचा. आनि कुणाचा असणार?"

दीप्तीनं लेकीचं तोंड पुसलं.

शनिवारी परिपाठाआधी तिनं तिघांना ग्रंथालयात बोलावलं.

"फाडणाऱ्यानं प्रत्येक पुस्तक उघडून बघितलं," ती म्हणाली. "शिक्का दिसला की फाडलं, नसला की जागेवर ठेवलं. राग पुस्तकावर नव्हता, त्या शिक्क्यावर होता. पण दूध संस्थेचा शिक्काही शाळेचाच समजला गेला. वाचता येणारा माणूस ही चूक करत नाही. वाचता न येणारी पहिलीतली पोरं, तर त्यांचा हात वरच्या फळीला पोचत नाही. मावशी, राहिलात फक्त तुम्ही."

"व्हय. मीच फाडली." बायडाबाईंची मान ताठ होती. "एकवीस वरसं झाली. माझी प्रीती सातवीत हुती. कपाट उघडं दिसलं, म्हणून एक पुस्तक वाचाय घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ह्या विजयसिंह सरानं ते तिच्या गळ्यात सुतळीनं बांधलं. पयलं पान उघडं, शिक्का वर. चोर म्हणून वर्गावर्गातनं फिरवलं. मी तवा शाळा झाडायची. हातात खराटा धरून बघत हुते. पोरगी परत शाळंत आली न्हाय. पंधराव्या वर्षी लगीन करून उजवली. आनि आता तीच पुस्तकं पोरांच्या हातात देत्यात, न्या म्हणं घरी, न्या!"

"माझ्या पोरांचा त्यात काय गुन्हा, मावशी?" दीप्ती म्हणाली.

"काय न्हाय. तरी फाडली. माफी मागणार न्हाय."

विजयसिंह सरांनी मोबाईल काढला. "पोलिसांनाच बोलावतो."

"बोलवा. तक्रार मी लिहिते, कारणासकट." दीप्ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "शिक्क्याचीच पुस्तकं फाटलेली दारातूनच बघून तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं, सर. म्हणून तुम्ही आत आला नाहीत. म्हणून कुलपाची घाई. मावशी सापडल्या असत्या तर प्रीतीचं नाव निघालं असतं."

रुद्रेश सर मुख्याध्यापकांकडं बघतच राहिले. मोबाईल खिशात गेला.

"खोली उघडी राहील," दीप्ती म्हणाली. "आणि कुणी फाडलं, का फाडलं, हे पोरं तीन दिवस विचारतायत. तुम्ही सांगा. नाहीतर तक्रार वर पाठवते."

मैदानात पोरं रांगेत बसली होती. विजयसिंह सरांनी माईक घेतला. बायडाबाई पहिल्या रांगेसमोर, सरांपासून हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या.

"पयल्यापासनं सांगा," त्या म्हणाल्या. "मधलं गाळलं तर मी हाय हितंच."